भाचा दोषी ठरलाय, शिक्षेवरच्या सुनावणीला काय न्यावं?

मंडळी, जरा लवकर उत्तर हवंय. मंगळवारची तारीख आहे.

२०१९ साली सोसायटीत गाडी लावण्यावरून वाद झाला आणि माझ्या भाच्याने शेजारच्या काकांना ढकललं. ते जिन्यावरून पडले, मनगटाचं हाड मोडलं. गंभीर दुखापतीचं कलम ३२५. परवा शिवाजीनगर कोर्टात दोषी ठरवलं. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून जुनीच दंडसंहिता, एवढं कळलंय. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे वाचल्यापासून ताईच्या घशाखाली घास उतरत नाहीये.

आता शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं ऐकणार आहेत. वकीलसाहेब म्हणाले, "असेल ते घेऊन या." म्हणजे काय? ताईने फायलीत दहावीची मार्कशीट, रक्तदानाची सर्टिफिकेटं, गणेश मंडळाचं पत्र, सगळं कोंबलंय. मंडळाच्या अध्यक्षांनी 'धडाडीचा कार्यकर्ता' लिहून दिलंय. या केसमध्ये तेच नडायचं!

तेव्हा तो २० चा होता, आता २६. २१ च्या आतल्यांना शक्यतो तुरुंगात धाडत नाहीत म्हणे. ते धरतील का? आणि काकांना उपचाराचा खर्च देऊ केला तर लाच वाटेल का? त्यांचं मनगट अजून नीट वळत नाही. लिफ्टचं बटण डाव्या हाताने दाबतात आणि मला बघून मान फिरवतात.

प्रतिसाद:
वयाचा मुद्दा सोडा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर सोडणं) कलम ६ ला, म्हणजे २१ च्या आतल्यांच्या कलमाला, वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, दोषी ठरवतानाचं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलंय. पण कलम ४ ला वयाची अट नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडावं, असा लेखी अर्ज वकिलांना करायला सांगा. कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतं.

केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असेल, तर कलमात सात वर्षं असली तरी ते तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊच शकत नाहीत, हे ताईंना आजच सांगा. तेवढ्या शिक्षेत, तो जामिनावर असेल तर, अपिलापुरता जामीन सहसा तिथेच मिळतो.

मार्कशीट घरी ठेवा. पहिलाच गुन्हा, पगाराची स्लिप, घरात त्याच्यावर कोण अवलंबून आहे, आणि एकही तारीख चुकवली नसेल तर ते ठासून मांडा. भरपाई लाच नाही, सोडताना त्याच परिवीक्षा कायद्याच्या कलम ५ खाली कोर्टच ती द्यायला लावू शकतं. फक्त काकांच्या हातात परस्पर पैसे देऊ नका, वकिलांमार्फत कोर्टापुढे ठेवा.

धागाकर्ता:
आभारी आहे. ताई दोन घास जेवली. एक तारीख मात्र चुकलीय, २०२१ ची. कोविड झाला होता त्याला. रिपोर्ट शोधतोय.