बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या गावापासून दोन-तीन मैलांवर रानात एका बंद स्थानकाचे दगडी जोते, ढासळलेला फलाट आणि पाण्याच्या टाकीचे खांब उभे आहेत. गावाने जमीन दिली नाही म्हणून साहेबाने रागाने स्थानक दूर नेले, असे जुनी माणसे सांगतात. यात तथ्य असेल का? मी बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर चाळले, परंतु त्यात या स्थानकाचा उल्लेख नाही.

उत्तर १

त्यात तो सापडणारही नाही, कारण सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली असली तरी बेळगाव-लोंढा भागात गाडी धावू लागली ती ग्रंथ छापून झाल्यावर. त्यापुढची छापील वेळापत्रके पाहावीत. मात्र १९०८ पासून ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या नावाने शोधावी लागतील. लागोपाठच्या वर्षांची वेळापत्रके मिळाली, तर स्थानकाचे नाव कोणत्या वर्षी गळले तेही कळेल.

उत्तर २

साहेबाच्या रागाची कथा मी इतर गावांतही ऐकली आहे. ती मला पटत नाही. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून ठरावीक अंतरावर जादा रूळ टाकावे लागत, त्यासाठी सपाट जागा लागे आणि वाफेच्या इंजिनाला पाणीही हवे असे. घाटाकडच्या चढउताराच्या मुलखात या तिन्ही गोष्टी जिथे जुळल्या तिथे स्थानक झाले, मग गाव जवळ असो वा नसो. याच मार्गावरील चिकोडी रोड आणि गोकाक रोड या नावांतील ‘रोड’ शहर दूर असल्याचेच सांगतो. वाफेची इंजिने गेल्यावर अशा स्थानकांची निम्मी गरज संपली. पुढे १९९० च्या दशकात मीटरगेजचे (अरुंद रूळमार्गाचे) ब्रॉडगेज (रुंद रूळमार्ग) होताना काही वळणे सरळ केली असल्यास, जुने स्थानक नव्या रुळांपासून बाजूला पडले असण्याची शक्यता तपासावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. टाकीच्या खांबांपासून आजचे रूळ बरेच दूर आहेत, त्यामुळे शेवटचा मुद्दा आधी पाहतो. जुना मार्ग कोणत्या नकाशात मिळेल?

उत्तर २

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, ब्रॉडगेज होण्यापूर्वीच्या नकाशात. शिवाय संपादित जमिनीची नोंद तहसील कार्यालयातील जुन्या उताऱ्यांत असते. गट क्रमांक घेऊन जावे.