मदत हवी आहे: हॅन्डहेल्डसाठी इंडी गेम आणि कंट्रोलर (नेट कमी, ऊन जास्त)

काळी_माती

नमस्कार मंडळी. पुण्याच्या चुलतभावानं नवं मशीन घेतलं आणि जुना स्टीम डेक (हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) मला देऊन टाकला. 64 जीबीचा, एलसीडी पडद्याचा. माझा अनुभव मोबाइल गेमच्या पलीकडे नाही. यूट्यूबवर 'टॉप टेन इंडी गेम्स' पाहून पाहून डोकं भंजाळलं, कारण ते सगळे फायबर लावलेल्या एसी खोलीत बसून बोलतात. म्हणून आधी माझी परिस्थिती सांगतो.

गाव घाटंजीच्या पलीकडे, जिल्हा यवतमाळ. ब्रॉडबँड नाही. मोबाइलला गच्चीवर बरं नेट, घरात रडतखडत. रोजचा दीड जीबी, त्यातला अर्धा घरच्यांच्या रील्समध्ये. लाइनीचा भरवसा नाही, छोटा इन्व्हर्टर आहे. उन्हाळी भुईमूग टाकला आहे, त्यामुळे रात्री डुकरांसाठी जागलीला वावरात जावं लागते. तिथं नेट शून्य. आणि आता मार्च लागला, पुढचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

घरी भावाची दोन पोरं. पुतणी तिसरीत, पुतण्या सहावीत, दोघंही झेडपीच्या शाळेत. इंग्रजी वाक्यं वाचत बसावी लागली की पाच मिनिटांत उठून जातात. त्यांना माझ्यासोबत टीव्हीवर खेळायचं आहे. टीव्ही साधाच, पण एचडीएमआयचं भोक आहे.

तुरीचे पैसे आले आहेत, त्यातले सहा हजार यासाठी बाजूला काढले. गेम आणि कंट्रोलर दोन्ही त्यातच बसवायचे. गेम कोणते घेऊ? कंट्रोलर एक घेऊ की दोन? आणि वावरात नेट नसताना हे चालते का, की तिथं जाऊन नुसतं लॉगिनचं चाक फिरत राहील?

संत्रानगरी

अभिनंदन भाऊ. तुझ्या परिस्थितीला इंडी गेमच बरे, म्हणजे लहान टीमनं किंवा एकट्या माणसानं बनवलेले. मोठ्या कंपन्यांचे गेम शंभर-शंभर जीबीचे, ते तुझ्या डेकमध्येही मावणार नाहीत आणि तुझ्या रिचार्जमध्येही नाही.

निवड डाउनलोडच्या आकारावरून कर. बलाट्रो दीडशे एमबीच्या आसपास, एका दुपारच्या डेटात येतो. पत्त्यांचा आहे, रमी-तीनपत्ती खेळलेल्या माणसाला पोकरचे हात समजायला वेळ लागत नाही, आणि जागलीला तर लाखात एक, कारण मध्येच टॉर्च घेऊन उठलं तरी डाव आहे तिथंच थांबून राहतो. 2024 मध्ये एकट्या माणसानं बनवलेला गेम आहे. डेड सेल्सही लहानच, स्टारड्यू व्हॅली (शेतीचा गेम) अर्ध्या जीबीच्या घरात, सेलेस्टे सव्वा जीबीच्या. होलो नाइट नऊ जीबी मागतो, म्हणजे तुझ्या हिशोबानं पंधरवडा. हेडिस पंधरा जीबी, तो आत्ता विसर.

ऑफलाइनचं: प्रत्येक गेम नेट असताना एकदा उघडून सुरुवातीच्या स्क्रीनच्या पुढं जा, मग सेटिंगमधून ऑफलाइन मोड लाव आणि वावरात जा. चाक फिरणार नाही. फक्त डेक भावाच्या नावानं लॉगिन असेल तर आधी तो फॅक्टरी रीसेट कर आणि स्वतःचं खातं काढ. तिकडे तो पुण्यात खेळून राहिला आणि इकडे तू ऑफलाइन, तर सेव्ह फायलींचा घोळ ठरलेला. स्टीमवर, म्हणजे डेकमधल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, भाव रुपयांत आहेत, यूपीआय चालते. आणि घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, खेळणं दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. हाताला नाही पटला तर बिनधास्त परत कर.

ऑटो अपडेटची वेळ मात्र ठरवून ठेव, नाहीतर सकाळी उठशील तेव्हा डेटा संपलेला.

रोही

काहून भाऊ, दिवसभर वावरात अन् रात्री स्टारड्यूमध्ये पुन्हा वावरातच? थे गेम मी खेळलो हाय. सारं चांगलं हाय पण डोकं फिरते. माल पेटीत टाकला का दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे जमा. अडत नाही, कटती नाही, ओलावा मोजून भाव पाडणारा कोणी नाही. पहिलं पीक चार दिवसांत हाती. आपल्यासारख्याले पाहून रडू येते!

चेष्टा सोडा. पोरायसाठी व्हॅम्पायर सर्व्हायवर्स घ्या. त्यात बटण दाबाचंच काम नाही, नुसती स्टिक फिरवत पळाचं, हत्यार आपोआप चालते. 2023 पासून एकाच स्क्रीनवर चार जणं खेळू शकतात. वस्तू निवडताना इंग्रजी येते, पण चित्रं असतात, दोन-तीनदा खेळले का पोट्ट्यायले सारं पाठ. एक डाव अर्ध्या तासाच्या आत-बाहेर, म्हणजे 'बस झालं आता, झोपा' म्हणाले पण सोपं.

दुसरा, बदकाचा. अनटायटल्ड गूज गेम. बदक होऊन गावातल्या लोकायले सतावाचं. 2020 मध्ये त्यात दोन खेळाडूंची सोय आली. वाचाचं जवळजवळ काही नाही, एक बटण तर नुसतं ओरडाचं. तुमची पुतणी तेच दाबत राहीन, पाह्यजा.

अन् एक मोठ्या भावासारखं सांगतो. जागलीले खेळा, पण ब्राइटनेस एकदम खाली ठेवा. उजेडातून मान वर केली का अंधारात दोन मिनिटं काहीच दिसत नाही, अन् डुकराले तेवढे पुरतात. पाय खाली सोडून तर बसूच नका, जनावर असते.

काळी_माती

@रोही, बदकाचा व्हिडिओ पोरांना दाखवला, आता दुसरं काही चालणार नाही घरात. 😀 स्टारड्यूच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण मला तोच खेळायचा आहे. निदान कुठं तरी शेतीत पैसे उरलेले पाहू द्या.

@संत्रानगरी, मे महिन्यात घरी लग्न आहे, पुण्याचा चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन येणार. त्यानं पुण्याहून होलो नाइट लॅपटॉपमध्ये उतरवून आणला तर मला देता येईल का? म्हणजे पंधरवड्याचा डेटा वाचेल.

कंट्रोलरचं कोणी बोललंच नाही अजून.

अंगठेबहाद्दर

कंट्रोलरचं मी सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, डेकला यूएसबीचं भोक एकच आहे, वरच्या बाजूचं यूएसबी-सी. चार्जिंगही त्यातूनच. स्वस्त वायरलेस कंट्रोलर बहुतेक डोंगलवर (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) चालतात, आणि डोंगल लावला की चार्जरला जागा नाही. टीव्हीची वायर तर दूरच. म्हणून सहा हजारांतला पहिला खर्च कंट्रोलर नाही, हब. एचडीएमआय, दोन साधी यूएसबी आणि चार्जिंग आत घेणारं पीडी लिहिलेलं भोक, एवढं असलं की झालं. डेकचा म्हणून वेगळा डॉक विकतात तो घेण्याची गरज नाही. स्टँड हवा तर लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकून घ्या.

हब आला की वायरवाला कंट्रोलरही चालतो, आणि मी तर पोरांसाठी वायरवालाच सुचवीन. बॅटरी संपणं नाही, जोडणं-तुटणं नाही. वायर टीव्हीपासून खाटेपर्यंत पुरते का तेवढं मोजा.

दुसरी गोष्ट स्टिकची. साध्या स्टिकच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक छोटा ब्रश घासत फिरतो. घासून घासून पट्टी झिजते, त्यात धूळ गेली की आणखी लवकर, आणि मग हात न लावता बाहुली आपोआप डावीकडे चालू लागते. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर असतो, एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे झिजण्यासारखं काही राहत नाही. कापसाच्या दिवसांत तुमच्याकडे घरभर काय उडते हे मी माहेरघरी पाहिलेलं आहे, आर्णीची आहे मी. तेव्हा खोक्यावर 'हॉल इफेक्ट' किंवा 'टीएमआर' (तोही चुंबकाचाच प्रकार) लिहिलेलाच घ्या. एटबिटडो आणि गेमसर या दोन्हींचे असे कंट्रोलर तीन हजारांच्या आत मिळतात. त्याच कंपनीचे साधे स्टिकवालेही असतात, म्हणून नावावर जाऊ नका, मॉडेलची माहिती वाचा.

डेकच्या स्वतःच्या स्टिक साध्याच आहेत बरं का. ड्रिफ्ट सुरू झालाच तर लगेच दुकान गाठू नका, सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिक किती हलली की मोजायची ती मर्यादा) थोडा वाढवला की बरेच दिवस निघतात.

जुना एक्सबॉक्स कंट्रोलर कोणी स्वस्तात देत असेल तर तोही चांगला. दोन पेन्सिल सेलवर चालतो, ते किराणा दुकानातही मिळतात. पण 2016 च्या आधीच्यांना ब्लूटूथ नाही. ओळखायची खूण: मधल्या गोल बटणाभोवतीचं प्लास्टिक खालच्या पुढच्या भागाशी सलग असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या चकचकीत पट्टीचाच भाग असेल तर नाही. विकणाऱ्याकडून समोरचा फोटो मागवा, वरच्या बाजूनं काढलेला नको.

एकच घ्या. डेक हबला लावला की डेकच्या अंगची बटणं चालतातच, पण एकानं टीव्हीपाशी डेक धरून बसायचं हे अवघड होईल. तरी महिनाभर तसं चालवून पाहा. पोरांचा नाद टिकला तर दुसरा घ्या. खेळाडू पहिला कोण, दुसरा कोण हे तीन टिंबांच्या बटणाखालच्या मेनूत बदलता येते. त्यावरून भांडण होणार, आत्ताच सांगून ठेवते.

काळी_माती

ताई, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर तो म्हणे, "गेमचा रिमोट ना? सगळे सारखेच असतात."

वर्धा_नदी

बल्लारपूरहून. गरमीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहून राहिलो. डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं 2022 च्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं की डेक 0 ते 35 अंशांत नीट चालतो, हवा त्याहून तापली तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आपल्याकडे एप्रिलपासून 42 खाली पारा येत नाही, मे मध्ये 46. म्हणजे दुपारी गेम अडकायला लागला तर मशीन बिघडली असं समजू नका.

यावर उपाय आहे. त्याच तीन टिंबांच्या मेनूत परफॉर्मन्समध्ये जा, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) 30 किंवा 40 वर बांधा आणि टीडीपी (चिपनं किती वॅट खायचे ती मर्यादा) खाली आणा. बलाट्रो, स्टारड्यू, व्हॅम्पायर असल्या गेमला पाच-सहा वॅट पुष्कळ होतात. पंखा शांत, हात गरम नाही आणि बॅटरी दुपटीच्या वर. एलसीडी डेकची बॅटरी 40 वॅटअवरची, कंपनी दोन ते आठ तास म्हणते. दोन की आठ हे या सेटिंगवरच ठरते.

व्हॅम्पायरमध्ये शेवटी स्क्रीनवर हजारो राक्षस येतात, तेव्हा जरा वॅट वाढवा.

कूलरच्या तोंडासमोर बसून खेळू नका, ओली हवा व्हेंटमधून आत जाते. बाजूला बसा. गाडीच्या डिक्कीत, टिनाच्या खोलीत ठेवू नका. आणि उशीवर, गोधडीवर ठेवून चार्जिंग नको, हवा घेण्याची जागा मागच्या बाजूला आहे.

चार्जर 45 वॅटचा लागतो. मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालू डेक भरण्याऐवजी उतरतच जाईल. जागलीसाठी पॉवर बँक घ्यायची असेल तर एमएएच पाहून भुलू नका, 45 वॅट पीडी आउटपुट लिहिलं आहे का ते पाहा. इन्व्हर्टरला डेक म्हणजे काहीच नाही, टीव्ही जास्त खातो.

काळी_माती

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: आधी हब, मग हॉल इफेक्टवाला वायरचा एक कंट्रोलर, एक मेमरी कार्ड. गेम सध्या बलाट्रो, व्हॅम्पायर, बदक. स्टारड्यू आणि सेलेस्टे उन्हाळी सेलमध्ये. होलो नाइट भाऊ आणेल. त्याला मेमरी कार्ड पाठवून देऊ का, लॅपटॉपमध्ये घालून कॉपी करायला?

संत्रानगरी

कार्ड पाठवू नको. डेक कार्ड लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट करतो, विंडोजचा लॅपटॉप ते वाचणारच नाही, उलट 'फॉरमॅट करू का' विचारेल आणि भाऊ 'हो' म्हणेल.

लॅपटॉपवरच्या स्टीममध्ये होलो नाइट उतरवून आणायला सांग, आणि गेम तुझ्या खात्यातही विकत घेतलेला असू दे. मग लॅपटॉप आणि डेक दोन्ही एकाच वाय-फायवर घ्या. घरी राउटर नसेल तर तुझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. 2023 पासून स्टीममध्ये लोकल नेटवर्क ट्रान्सफर आहे. लॅपटॉपच्या डाउनलोड सेटिंगमध्ये ते मित्रांसाठी किंवा सगळ्यांसाठी खुलं करायला सांग, कारण आधी ते फक्त स्वतःच्या खात्यापुरतं असते. डेकवर डाउनलोड दाबलं की फायली लॅपटॉपमधून येतात, नेट फक्त लॉगिन आणि तपासणीपुरतं.

दाबल्यावर पहिलं मिनिटभर डाउनलोडच्या पानावर लक्ष ठेव. कुठून येत आहे ते तिथं लिहिलेलं असते. लॅपटॉपचं नाव दिसलं नाही तर लगेच थांबव, नाहीतर लग्नघरात सगळ्यांचा डेटा तूच संपवशील.

अंगठेबहाद्दर

आणि पोरांसाठी एक राहिलाच. राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा आहे, 2020 चा. बहीण हरवलेल्या भावाला शोधत जाते, एकट्यानंच खेळायचा, नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाज आहे. पुतणीला आत्ता अवघड जाईल, मारामारी बरीच आहे. पुतण्याला द्या. आकार मोठा आहे, तेव्हा तोही भावाच्याच लॅपटॉपमध्ये मागवा.