जेना फॉक्स खरीच जेना आहे का?

कोराकागद:
मेरी पिअर्सन यांची 'द अ‍ॅडोरेशन ऑफ जेना फॉक्स' (२००८) किशोरांसाठीची कादंबरी आहे म्हणून बाजूला ठेवू नका. (पुढे कथानक उघड होतंय, न वाचलेल्यांनी सांभाळून.) सतरा वर्षांची जेना अपघातानंतर वर्षाहून जास्त काळाने कोमातून बाहेर येते. काही आठवत नाही. आईवडिलांच्या सांगण्यावरून ती स्वतःच्याच लहानपणीचे व्हिडिओ बघते, तेही परक्या मुलीकडे बघावं तसे. मग कळतं, मूळ मेंदूचा जेमतेम दहा टक्के भाग वाचलाय. बाकी सगळं घडवलेलं.

माझ्या मते ही जेना नाही. जेनाची माहिती भरलेली दुसरी मुलगी आहे. तिच्या मनाची एक प्रत वेगळी जपून ठेवलेली असते, तीही 'मी जेना' म्हणेल. दोघी एकच कशा? आजी लिली तिला सुरुवातीला जवळ करत नाही, याचा अनेकांना राग येतो. मला त्या घरात तीच प्रामाणिक वाटली.

सांजवेळ:
अजिबात पटलं नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय: राजपुत्राची जाणीव, आठवणींसकट, मोच्याच्या शरीरात गेली तर ती व्यक्ती राजपुत्रच. शरीर कशाचं बनलंय हा प्रश्न दुय्यम आहे. आणि दुसरी प्रत निघू शकते म्हणून पहिली खोटी कशी ठरते?

रानवाट:
तुम्ही दोघंही सगळा भार आठवणींवर टाकताय. हेन्री मोलेसनचं उदाहरण घ्या. १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. आरशात बघून चांदणी गिरवायचा सराव त्याच्याकडून करून घेतला, तर हात दिवसागणिक सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला आठवायचं नाही. म्हणजे माणसाचं बरंच काही आठवणींच्या बाहेर असतं.

जेना शेवटी मनाची ती जपून ठेवलेली प्रत तळ्यात फेकते. आधीची जेना आईवडिलांच्या अपेक्षा पुरवण्यात दमून गेलेली. हा निर्णय तिला कुठल्याच व्हिडिओने शिकवलेला नाही. मला तिथे ती पहिल्यांदा पूर्ण दिसली.

कोराकागद:
मोलेसन तुमच्या बाजूने उभा राहत नाही. त्याच्या लहानपणच्या बऱ्याच आठवणी शाबूत होत्या, उरलेला मेंदूही जन्मापासून त्याचाच. आणि जेनाचा निर्णय नवा असेल तर तो नव्या मुलीचाच पुरावा झाला! तिची किंमत कमी आहे असं मी म्हणतच नाही. तिला मेलेल्या मुलीची जागा भरायला लावणं मला क्रूर वाटतं. तिला स्वतःचं आयुष्य मिळू द्या.

सांजवेळ:
मग त्या गाडीत कोण होतं? अपघातात सोबत असलेले कारा आणि लॉक हे मित्र गेले, आणि त्यांचं ओझं ही मुलगी वाहते. तुमच्या हिशेबाने ते दुःख उसनं ठरतं. पुस्तक वाचताना मला ते एकदाही उसनं वाटलं नाही.

आठवणी नंतर भरल्या हा आक्षेपही टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रयोगात अपघाताची तीच फीत बघितलेल्यांना गाड्या 'आदळल्या' की 'धडकून चुरा झाल्या' असं वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, तर वेगाचा अंदाजच बदलला. काहींना नंतर फुटलेली काचही आठवली, जी फितीत नव्हतीच. आपल्या सगळ्यांच्याच आठवणी अशा मागाहून घडत असतात. मूळ प्रत कुणाकडेच नाही, मग ती फक्त जेनाकडे का मागायची?