एकांतवास संपला म्हणे!

कढीपत्ता
परवा इथे एका इंटिरियरवाल्या ताईंची पोस्ट होती. स्वयंपाकघराची भिंत पाडा, घर मोठं दिसतं, माणसं जवळ येतात आणि 'गृहिणीचा एकांतवास संपतो'. खाली बदामांचा पाऊस. तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण तो एकांतवास शब्द डोक्यात गेला, म्हणून हे वेगळं.

ताई, मी पाडलीय भिंत. कोथरूड, १९९८ची इमारत, टू बीएचके. दीड वर्ष झालं. घर मोठं दिसतं, खरंय. पहिल्याच रविवारी मोहरी-मिरचीची फोडणी टाकली आणि सोफ्यावरचे चौघेही खोकत गॅलरीत. हॉलच्या पंख्याच्या पात्यांवर आता चिकट काळी साय धरते. टीव्हीच्या काचेवर बोट फिरवलं तर रेघ उठते. पंखा लावला की शेगडीची ज्योत फडफडते, बंद केला की हॉलमधले घामाघूम. मे महिनाभर रोज यावरून तंटा. शिवाय भिंतीबरोबर काय काय गेलं ते थ्रीडी चित्रात दिसत नाही: फ्रिजची जागा, तीन प्लग, डब्यांची अख्खी मांडणी. हरभऱ्याच्या डाळीचा डबा सध्या बेडरूमच्या माळ्यावर आहे.

आणि एकांतवासाचं म्हणाल, तर तोच हवा होता मला. दुपारी दार लोटून, चहाचा कप घेऊन ओट्याला टेकून बहिणीला फोन करायचे. सासूबाई गेल्या तेव्हा बाहेर आल्यागेल्याचं बघत होते, रडले ते आत, कणीक मळताना. आता कुठे रडू, डायनिंग टेबलावर?

ज्यांच्याकडे दोन वेळा फोडणी पडते त्यांनी भिंत पाडू नये. ज्यांच्याकडे सॅलड होतं त्यांनी खुशाल.

शेंगदाणाकूट
सॅलडचा टोमणा पोचला. आमच्याकडे रोज फोडणी पडते, खोबरं-लसणाचं वाटणही भाजलं जातं, आणि भिंत पाडून चार वर्षं झाली.

माझी आई नाशिकच्या घरात गौरी जेवणाला तीस पानांचा स्वयंपाक करायची. बाहेर हशा पिकला की आतून विचारायची, "काय झालं गं?" कुणी सांगायचं नाही, कारण तोवर विनोद शिळा झालेला. त्या घरातल्या सणावाराच्या एकाही फोटोत ती नाही. तुम्हाला एकांत हवा असेल, तिला नको होता, तिला कुणी विचारलं नाही इतकंच. आणि बाईला घरात रडायला ओट्याशिवाय दुसरी जागा नसावी, याचं दुःख जास्त आहे.

नवऱ्याला पूर्वी कळायचंच नाही की मी तासभर उभी आहे. आता समोर दिसतं, तेव्हा लाजेकाजेस्तव भेंडी चिरतो.

वामकुक्षी
लाजेकाजेस्तव चिरलेली भेंडी कशी असते हो? एक तुकडा बोटभर, एक बोराएवढा?

शेंगदाणाकूट
असते तशी खातो. तुम्ही कधी चिरलीत?

सिव्हिलवाला
भांडा, पण पाडण्याआधी भिंत बघा. चार इंची विटेची आडभिंत असेल तर ठीक. जुन्या, कॉलम नसलेल्या इमारतीत नऊ इंची भिंतीवर वरचा स्लॅब बसलेला असतो, तिला हात लावायचा नाही. नव्या टॉवरांत मायव्हन पद्धतीचं, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेलं काम असेल तर भिंतसुद्धा काँक्रीटची, तिथे विचारही सोडा. सोसायटीचं पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, दोन्ही घ्या. "आमच्या गवंड्याने सांगितलं" हा दाखला नव्हे.

गॅसचंही तेच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फरशीलगत पसरतो. पाइपचा हलका, छताकडे जातो. म्हणून हवा जायची वाट एकाला खाली लागते, एकाला वर. भिंत काढली की तो गॅस थेट तुमच्या हॉलमध्ये.

जाता जाता: तोडफोड करतच असाल तर ओट्याची उंची तेव्हाच बदलून घ्या. ३४ इंच ठेवा. बरेच बिल्डर ३२ करतात.

तिसरा_मजला
३४? माझी उंची चार फूट अकरा. त्यावर शेगडी ठेवली की आणखी चार-पाच इंच. कुकरची शिट्टी माझ्या हनुवटीशी. पोळीवर जोर देता येत नाही, खांदे उचलून लाटावं लागतं. ही ३४ची टूम काढली कुणी? कुठल्या तरी उंच पुरुषाने.

सिव्हिलवाला
अहो, सर्वसाधारण माप सांगितलं.

तिसरा_मजला
सर्वसाधारण कुणाचं? बावीस वर्षं मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटतेय. लाकडी पाटावर. जेवायला बसायचा पाट असतो तो.

गच्चीवरचा_पाऊस
उलट माझं. पाच फूट आठ, ओटा ३० इंची, कडाप्पा, सासऱ्यांनी १९८१मध्ये बांधलेला. कमरेचा एक्सरे काढून झाला. डॉक्टरांनी विचारलं, "वजन उचलता का?" म्हटलं, नाही, भाकरी थापते. कोपर वाकवून उभं राहायचं, कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर ओटा, एवढाच नियम. हे बिल्डरला कोण सांगणार? टाइल्सचा रंग विचारायला तीनदा फोन, ओटा किती उंच ते एकदाही नाही.

वामकुक्षी
मग दोन ओटे करा. एक उंच, एक बुटका.

गच्चीवरचा_पाऊस
हसण्यावारी नेऊ नका, खरंच करतात. पोळ्यांसाठी खालचा टप्पा. माझ्या भावाने कोल्हापुरात केलाय. तो स्वतः लाटतो म्हणून सुचलं त्याला.

सिव्हिलवाला
बरं बाबा, ३४ मागे घेतो. कोपर मोजा. तीस वर्षं नकाशे काढतोय, आजवर कुणी कोपर म्हणालं नव्हतं.

तिसरा_मजला
विचारलं होतंत?

पाटावरवंटा
तुमचे इंच चालू द्या. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची एक खोली, आम्ही आठ जण. कोपऱ्यात मोरी, शेजारी स्टोव्ह, मध्ये साडीचा पडदा. यालाच तुम्ही आता ओपन किचन म्हणता आणि वर लाखभर रुपये मोजता. मी दहावीचा अभ्यास बोंबलाच्या कालवणाच्या वाफेत केला. वडिलांचं एकच स्वप्न होतं, स्वयंपाकाला वेगळी भिंत असलेलं घर. कळव्याला घेतलं तेव्हा आईने आधी त्या भिंतीवर हात फिरवला. ती भिंत माझी सून पाडू म्हणतेय.

शेंगदाणाकूट
काका, तुमच्या आईंनी हात फिरवला हे वाचून गप्प बसले क्षणभर. पण स्वयंपाक आता सून करतेय ना?

पाटावरवंटा
करते. चांगला करते. म्हणूनच वाद घालता येत नाही.

न्यूजर्सीकर
इकडे सगळी घरं अशीच उघडी. शेगडीवर मायक्रोवेव्ह, त्याचाच पंखा, आणि बऱ्याच घरांत तो धूर बाहेर न टाकता गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. फोडणी टाकली की धुराची घंटा वाजते. टेबलफॅन लावून, टॉवेल हलवत मिरचीचा ठेचा केलाय मी. थंडीत खिडकी उघडता येत नाही, ऑफिसच्या कोटाला हिंगाचा वास. शेवटी आपले लोक काय करतात? तळणीसाठी गॅरेजमध्ये दुसरी शेगडी. म्हणजे हॉलमध्ये दाखवायचं किचन, आणि गॅरेजमध्ये खरं स्वयंपाकघर, दार बंद करून.

कढीपत्ता
हेच म्हणत होते! आभारी आहे, न्यूजर्सीकर.

शेंगदाणाकूट
तुमचा मुद्दा चिमणीचा आहे, भिंतीचा नाही. चिमणीचा पाइप बाहेर काढलाय का? नळीविना कोळशाचं गाळणं असलेली बसवली असेल तर ती वास थोडा शोषते, वाफ नि उष्णता घरातच. आणि पाइपला चार वळणं दिलीत तर ओढ मेलीच.

कढीपत्ता
...नळीविना आहे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सेमच असतं."

शेंगदाणाकूट
बघा.

कढीपत्ता
बघितलं. मांडणी परत येणार आहे का त्याने?

आर्किटेक्चर_तिसरं_वर्ष
थोडं अवांतर. बंद, आटोपशीर स्वयंपाकघराचा नमुना ठरलेलं 'फ्रँकफुर्ट किचन' १९२६चं. ते मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी आखलं. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा, हा हेतू. बसून काम करायला फिरतं स्टूलही होतं. म्हणजे बंद खोली बाईला कोंडायला नव्हे, मोकळं करायला काढली होती.

गच्चीवरचा_पाऊस
स्टूल! शंभर वर्षांपूर्वी! आणि मी भाकरीपायी एक्सरे काढते.

शेंगदाणाकूट
पण मीही ऐकलंय, की ते आखेपर्यंत त्या बाईंनी स्वतः कधी संसार केला नव्हता. त्यांनीच कबूल केलंय म्हणे.

आर्किटेक्चर_तिसरं_वर्ष
हो, केलंय. आणि त्या किचनला हॉलच्या बाजूने सरकतं दार होतं. काम करताना मुलांकडे लक्ष राहावं म्हणून.

कढीपत्ता
सरकतं दार?

सिव्हिलवाला
होतं काम. वर बीम आहेच, त्याखाली रूळ बसवा, काचेची दोन पानं. फोडणीला ओढा, एरवी उघडी. आधी चिमणीचा पाइप बाहेर काढा.

शेंगदाणाकूट
म्हणजे चार वर्षांनी मीही लावू की काय? आमची चिमणी चांगली आहे. मिक्सर लावल्यावर मात्र नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो आणि मग कुणालाच काही ऐकू येत नाही, एवढं मान्य करते. तेवढंच.

कढीपत्ता
तुम्ही मान्य केलंत हे लिहून ठेवते. काचेला मात्र पडदा लावणार. रडायला.

तिसरा_मजला
माझा पाट हलतोय कालपासून. कुणाच्या ओळखीत सुतार आहे का, ठाण्यात?