ॲशचं पांढरं लाकूड पिवळं पडू नये म्हणून वरून काय मारावं?

रंधेवाली, नाशिक:
तीन वर्षांपूर्वी हॉलमध्ये व्हाइट ॲशचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून पुस्तकांचं कपाट करून घेतलं. घरात आलं तेव्हा सायीसारखा रंग होता, आता जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं दिसतं. गेल्या आठवड्यात वरच्या फळीवरची आजीची समई हलवली तर खाली तिच्या बैठकीएवढी गोल पांढरी चकती! पोटात खड्डाच पडला. पॉलिश करणाऱ्यांनी तेव्हा "पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन आहे, काही होणार नाही" असं छातीठोक सांगितलं होतं.

आता लेकीसाठी अभ्यासाचं टेबल मी स्वतः करतेय. भरीव ॲश, ४ फूट बाय २ फूट. फळ्या जोडून, रंधा मारून झालाय. जागा पश्चिमेच्या खिडकीशी आहे, म्हणजे दुपारनंतर थेट ऊन. दुकानांत विचारलं तर एक म्हणतो मेलामाइन, दुसरा लॅकर, तिसरा जवसाचं तेल. स्वतः वापरून, दोन-तीन वर्षांनी रंग बघितलेल्या कुणीतरी सांगा.

चपडी, पुणे:
ताई, २८ वर्षं पॉलिशचं काम करतोय. आधी एक बघा, पिवळं झालंय ते लाकूड की वरचा थर? कपाटाच्या बाजूला खाली, उजेड पडतो पण नजर जात नाही अशा ठिकाणी, ब्लेड उभं धरून हलकेच खरवडा. निघालेली साल पांढऱ्या कागदावर ठेवा. जपून हं, व्हिनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं.

जवसाचं तेल मात्र आत्ताच यादीतून काढा. सागावर ते शोभतं, पण ॲशवर पहिल्याच हाताला पिवळी झाक येते आणि पुढे वाढतच जाते. अंधारातसुद्धा.

रंधेवाली, नाशिक:
काका, खरवडलं. साल नखाएवढीच निघाली, पण कागदावर मधासारखी पिवळी दिसतेय. खालचं लाकूड किंचित पिवळसर आहे, पण वरून दिसतं त्याच्या निम्मंही नाही.

चपडी, पुणे:
म्हणजे दोष बराचसा थराचा.

पीयू म्हटलं की लोक निर्धास्त होतात, पण त्यात दोन जाती आहेत. हार्डनर (थर कडक व्हायला त्यात मिसळतात तो भाग) ॲरोमॅटिक असेल तर उजेडात पिवळा पडणारच. ॲलिफॅटिक असेल तर रंग टिकतो, पण तो महाग. त्यातून खाली एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा पहिला हात, आणि वर चांगलं पीयू असंही सर्रास करतात. एनसी पिवळं पडतं, मग वरचा थर काचेसारखा राहिला तरी उपयोग काय? म्हणून सीलरपासून शेवटच्या हातापर्यंत सगळं न पिवळणारंच हवं. डब्यावर 'नॉन-यलोइंग' असल्याची खात्री करा आणि दुकानदाराकडून माहितीपत्रक मागून घ्या. मेलामाइनही पांढऱ्या लाकडावर मी मारत नाही. माझं आवडतं काम बोळ्याने चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावायचं, पण अभ्यासाच्या टेबलावर गरम चहाचा कप येणारच, आणि चपडीवर त्याचा पांढरा डाग उठतो.

तुम्ही घरी, ब्रशने करणार, तर पाण्यावरचं ॲक्रिलिक किंवा ॲलिफॅटिक पीयू घ्या, एकाच डब्याचं. हार्डनर मिसळून स्प्रे मारायचं काम घरात नको, त्याची वाफ छातीला वाईट. डबा उघडल्यावर दुधासारखं दिसेल, घाबरू नका, वाळल्यावर स्वच्छ होतं.

पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून २२० नंबरच्या सँडपेपरने घासून झालं की ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग ३२० ने हलका हात फिरवा. हे टाळलंत तर पहिला हात वाळल्यावर फळी दाढी वाढल्यासारखी खरखरीत लागेल. डबा जोरात हलवू नका, फेस होतो. काडीने सावकाश ढवळा. ब्रश नायलॉनचा घ्या, केसांचा पाण्यात फुगतो. आणि दोन हातांच्या मध्ये लोखंडी स्टील वूल कधीच वापरू नका. त्याचा कण अडकला की पाण्याने गंजतो आणि पांढऱ्या लाकडावर तपकिरी ठिपका कायमचा बसतो. हे मी एका गिऱ्हाइकाच्या पलंगावर करून बसलोय, अख्खा माथा पुन्हा उतरवावा लागला.

तीन हात पुरेत. खालची बाजूही तितकीच रंगवा, नाहीतर फळी वाकेल. पाऊस लागून राहिला असेल तर दोन दिवस थांबा.

टोरांटोकर:
आमच्याकडे मेपल मुबलक. मुलाचा पाळणा मेपलचा केला, वर पाण्याचंच फिनिश मारलं. चार वर्षं झाली. थर अजून स्वच्छ आहे, पण खिडकीकडची बाजू थोडी पिवळसर झालीच. ती लाकडाचीच. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा घटक, ऊन पिऊन रंग बदलतं, कुठलाही पारदर्शक थर ते पूर्ण रोखत नाही. यूव्ही रोखणारे घटक घातलेलं फिनिश मिळालं तर वेग कमी होतो. मी पुढच्या कामात पहिल्या हातात पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे थोडे थेंब घातले. रेषा दिसतात, पिवळेपणा दबतो. आधी तुकड्यावर बघा, जास्त झालं तर चुना मारल्यासारखं दिसतं.

चपडी, पुणे:
बरोबर बोललात. पश्चिमेचं ऊन म्हणजे ताई, पडदा हवाच. आणि पहिले दोन-तीन महिने टेबलावर एकाच जागी काही ठेवून देऊ नका, वस्तू हलवत राहा. समईची चकती अशीच उमटली.

रंधेवाली, नाशिक:
उरलेल्या फळीचे तीन तुकडे केलेत. एकावर नुसतं पाण्याचं फिनिश, दुसऱ्यावर पांढरे थेंब घालून, तिसरा कोरा. प्रत्येकाचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकून त्याच खिडकीत ठेवलाय. लेकीने पाठीमागे तारीख लिहिलीय. दिवाळीपर्यंत टेबल तसंच कोरं, चादरीखाली राहील. तुकडे उघडले की इथेच सांगते.