आयट्यून्सशिवाय आयपॉड आणि जुने प्लेअर भरणे : आपापले अनुभव लिहा

मिरज_जंक्शन
दर्ग्यातल्या संगीत सभेवरून घरी बोलणं निघालं आणि कपाटातला आयपॉड क्लासिक, म्हणजे अ‍ॅपलचा जुना गाण्यांचा प्लेअर, बाहेर आला. सातारा-सांगलीकडं असे प्लेअर अजून बऱ्याच घरांत असणार, शेजारी खोकंभर कॅसेटही. म्हणून हा धागा. आयट्यून्स, म्हणजे अ‍ॅपलचं गाणी भरायचं सॉफ्टवेअर, सोडून दुसऱ्या सॉफ्टवेअरनं गाणी कशी बदलायची, कशी चढवायची, कुठं अडतं, ते नेमकं लिहा.

सुरुवात मी करतो. आयपॉड जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, पण त्यात एमपीथ्री नुसती टाकली तर वाजत नाही. तो फोल्डर वाचतच नाही, स्वतःची यादी वाचतो. गाणी लपवलेल्या फोल्डरात चार अक्षरी नावांनी असतात आणि आयट्यून्सडीबी नावाच्या फाइलीत त्यांची नोंद असते. म्हणजे ही नोंद लिहू शकणारं सॉफ्टवेअर हवं. विंडोजवर फूबार२००० हे सॉफ्टवेअर घ्या, ३२-बिटचंच, आणि त्यावर आयपॉड मॅनेजर हा कंपोनंट, म्हणजे जोडभाग. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजीच्या मोफत सिस्टिमवर, रिदमबॉक्स किंवा जीटीकेपॉड. २००७ पासूनच्या क्लासिकला आणि तिसऱ्या पिढीच्या नॅनोला यादीवर एक हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा, लागतो, तो त्या यंत्राच्या ओळख क्रमांकावरून निघतो. लिनक्सवर सिसइन्फो-एक्स्टेंडेड ही फाइल तयार झालेली नसेल तर हॅश चुकतो. मग जागा भरलेली दिसते आणि यादी मात्र रिकामी.

कराडचा_सच्या
आधी फॉरमॅट बघा राव. मॅकवर तयार केलेला आयपॉड एचएफएस-प्लस या अ‍ॅपलच्या फॉरमॅटचा असतो. विंडोज तो वाचत नाही, लिनक्सवर बहुतेक वेळा नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही. तो विंडोजला चालणाऱ्या फॅट३२ फॉरमॅटचा करावा लागतो आणि त्यात आतलं सगळं जातं.

वाईची_माई
मग आतली गाणी आधी कशी काढायची? आयट्यून्सला जोडला की "पुसून सिंक करू का" विचारतंय. मुलाच्या लहानपणची रेकॉर्डिंग आहेत त्यात.

कराडचा_सच्या
माई, "नाही" म्हणा आणि आयट्यून्स बंद करा. फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा, 'आयपॉड कंट्रोल'मधलं 'म्युझिक' हे अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. मॅकवर फॉरमॅट झालेला असेल तर हेच काम लिनक्सवर करा. नावं विचित्र दिसतील, घाबरू नका, कलाकार-गाणं ही माहिती फाइलीच्या टॅगमध्ये असते. एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर उघडा, सगळं निवडा, टॅगवरून फाइलनाव करायचं बटण आहे. एम४पी शेवट असलेल्या फाइली मात्र कुलूपबंद, त्या दुसरीकडं वाजणार नाहीत. घरची रेकॉर्डिंग तशी नसतात.

वाईची_माई
बरं झालं विचारलं. आता कुकर लावते, रात्री करते.

औंधकर
रूपांतराबद्दल. आयपॉडला फ्लॅक, ऑग या प्रकारच्या फाइली चालत नाहीत. एमपीथ्री, एएसी, वेव्ह, एआयएफएफ आणि अ‍ॅपल लॉसलेस चालतं. फ्लॅक असेल तर फ्री-एसी या सॉफ्टवेअरनं अ‍ॅपल लॉसलेस करा, एक कणही जात नाही आणि आकारही जवळपास तेवढाच. ४८ किलोहर्ट्झच्या वरचं रेकॉर्डिंग आधी खाली आणा. १२८ केबीपीएसची (सेकंदाला इतके किलोबिट) एमपीथ्री ३२० करणं व्यर्थ. गेलेला आवाज परत येत नाही, फाइल मात्र अडीचपट होते, वर पुन्हा दाबल्यामुळं थोडं आणखी बिघडतंच. हिशेब सोपा: १२८ ला मिनिटाला साधारण १ एमबी, ३२० ला २.४, वेव्हला १० च्या आसपास.

ख्याल ऐकणाऱ्यांसाठी एक. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तर एमपीथ्रीत मध्ये बारीक खाच ऐकू येते, तानपुरा तुटतो. एमपीथ्री बनताना दोन्ही टोकांना शांतता जोडली जाते म्हणून. लेम हा एमपीथ्री बनवणारा एन्कोडर ती किती जोडली ते फाइलीत लिहून ठेवतो, पण स्वस्त प्लेअर ते वाचत नाहीत. अशा वेळी दोन्ही ट्रॅक आधी जोडा आणि मग एकच एमपीथ्री करा.

नाट्यपंढरी_सांगली
कॅसेटवाल्यांनो, खरं काम सॉफ्टवेअरच्या आधी आहे. डेकचं हेड स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढं, पूर्ण मागं फिरवा, टेप सैल होते. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपवर हेड किती सरळ बसलंय ते. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, स्प्रिंग असलेला. आवाज मोनो करून तो किंचित फिरवा, झांज-टाळ जिथं सगळ्यात लख्ख ऐकू येतात तिथं थांबवा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असते, म्हणून प्रत्येकीला पुन्हा बघायचं. हे चुकलं तर वरचे सूर रेकॉर्ड होतच नाहीत आणि नंतर ट्रेबल वाढवून नुसती खरखर वाढते.

डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर द्या, माइकच्या भोकात नको, तिथं आवाज फाटतो. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड, पण त्यावर लाइन-इन आहे याची खात्री करून घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४१०० हर्ट्झ ठेवा, सगळ्यात मोठ्या जागी पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सी-६० ची एक बाजू ३० मिनिटं, वेव्हमध्ये ३०० एमबी. खरखर काढताना गाणं सुरू व्हायच्या आधीची दोन सेकंदं नमुना म्हणून द्या आणि ६ ते ९ डेसिबलवर थांबा. जास्त काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. कीर्तन, भारूड बहुधा मोनोच असतं, ६४ केबीपीएस मोनो पुरतं. नाट्यगीताला तेवढं नको, १९२ ठेवा. आणि मूळ वेव्ह जपून ठेवा, टेप दरवर्षी उतरतच जाते.

तासगावकर
ताई, डेकवर तानपुऱ्याचा स्वर हेलकावे खातो, ते सॉफ्टवेअरनं जाईल का?

नाट्यपंढरी_सांगली
नाही दादा, ते पट्ट्याचं. रबर ताणलंय नाहीतर चिकट झालंय. जुना पट्टा दुकानात सोबत न्या, जाडी तीच हवी आणि घेर किंचित कमी. पुलीवर वितळलेलं काळं रबर आधी स्पिरिटनं पूर्ण काढा, नाहीतर नवाही घसरतो.

तासगावकर
उद्या बाजारला जाणारच आहे, नेतो.

सातारी_कंदी
आयपॉड नाही, साधा मेमरी कार्डाचा प्लेअर आहे. मराठी नावांच्या जागी चौकोन येतात आणि अभंग उलटसुलट क्रमानं वाजतात. अध्यायांचंही तसंच.

औंधकर
दोन वेगळी दुखणी. चौकोन येतात कारण त्या यंत्रात बहुधा देवनागरी फॉन्टच नाही, नाहीतर टॅग त्याला नीट वाचता येत नाही. एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार आयडी३ २.३, यूटीएफ-१६ करून बघा. तरी चौकोनच आले तर नावं रोमन अक्षरांत लिहा. जुन्या सीडीवरचे टॅग मराठी फॉन्टच्या जुन्या पद्धतीनं टाइप केलेले असतील तर ते युनिकोड नाहीत, फॉन्ट कन्व्हर्टरनं बदलून घ्या नाहीतर पुन्हा टाइप करा.

क्रमाचं कारण म्हणजे स्वस्त प्लेअर नावाप्रमाणं नाही, कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झालं त्या क्रमानं वाजवतात. नावाआधी ०१, ०२ लावा, एकेक करून क्रमानं कॉपी करा. लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवला की एका दमात होतं. ३२ जीबीच्या वरचं कार्ड बहुधा एक्सफॅट येतं, प्लेअर ते ओळखत नसेल तर फॅट३२ करा. व्हीबीआर, म्हणजे बदलत्या बिटरेटच्या, फाइलीची वेळ चुकीची दिसते, सरळ १२८ ची ठरावीक ठेवा.

सातारी_कंदी
फॅटसॉर्टनं झालं! हरिपाठ आता ओळीनं लागतोय.

कराडचा_सच्या
रॉकबॉक्सचं कुणीच लिहिलं नाही. यंत्राचं सॉफ्टवेअरच बदलतं, मग यादीची भानगडच नाही, फोल्डर टाका आणि वाजवा. फ्लॅक, ऑग, ओपस सगळं चालतं. पाचव्या पिढीच्या आयपॉडवर आणि सॅन्सा क्लिप-प्लसवर उत्तम. आयपॉडवर मूळ सॉफ्टवेअर जात नाही, सुरू करताना होल्ड लावला की अ‍ॅपलचंच उघडतं. अल्बमचं चित्र दिसत नसेल तर ते प्रोग्रेसिव्ह जेपीजी आहे, साधं जेपीजी करून ३०० बाय ३०० मध्ये टाका.

मिरज_जंक्शन
आवाज कमीजास्त होतो त्यावर? एक बंदिश ओरडते, पुढची ऐकूच येत नाही.

औंधकर
एमपीथ्रीगेन हे सॉफ्टवेअर घ्या, ८९ डेसिबल ठेवा. दर पायरी दीड डेसिबलची, पुन्हा एन्कोड होत नाही त्यामुळं दर्जा तोच राहतो. मैफल असेल तर 'अल्बम'वर लावा, 'ट्रॅक'वर नको. आलाप हळूच राहायला हवा.

वाईची_माई
सच्या, फोल्डर कॉपी झालं. ४१२ फाइली आल्यात, पण शेवटी एक एरर दाखवतोय.

कराडचा_सच्या
एररमधलं फाइलीचं नाव टाका माई. केबल काढू नका, स्क्रीनवर 'डू नॉट डिस्कनेक्ट' असेपर्यंत तसंच राहू द्या. ती एक फाइल सोडून बाकीच्या आधी दुसऱ्या डिस्कवर ठेवा.