अंतिम ५३: पॅकर्सची खेळाडूकपात आणि आपले अनुभव

ऑगस्टच्या अखेरीस एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या प्रत्येक संघाला ९० खेळाडूंमधून ५३ जण ठेवावे लागतात. बहुतेक नावांवर कुणाचे दुमत नसते; वाद होतो तो शेवटच्या सात-आठ जागांवरून. ग्रीन बे पॅकर्सची २०२४ ची कपात मला आजही सलते, म्हणून हा धागा. तुम्ही कुणाच्या बाजूने होता आणि का, ते सविस्तर लिहावे.

मिलवॉकीहून: मी मायकल प्रॅटच्या बाजूने होते. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) सातव्या फेरीत घेतलेल्या या तरुण क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, सोडून पुन्हा सराव संघात (५३ बाहेरच्या, फक्त सराव करणाऱ्या राखीव खेळाडूंत) घेता येईल, असे म्हणणाऱ्यांशी मी आठवडाभर भांडले, कारण नवख्या खेळाडूला सोडले की आधी बाकीच्या ३१ संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. तसेच झाले. २७ ऑगस्टला प्रॅट आणि शॉन क्लिफर्ड दोघेही वगळले गेले. क्लिफर्ड सराव संघात परतला, पण प्रॅटला टँपा बे संघाने दुसऱ्याच दिवशी उचलले.

मॅडिसनहून: ताई, तुमचे दुःख समजते, पण मला तो निर्णय योग्यच वाटतो. कपातीच्या आदल्या दिवशी टेनेसी संघाकडून मलिक विलिस या क्वार्टरबॅकला आणले, तेव्हा मीही चिडलो होतो. मग साओ पावलोतल्या पहिल्याच सामन्यात आपला मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह जायबंदी झाला आणि पुढचे दोन्ही सामने विलिसने जिंकून दिले. प्रॅटकडून ते झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

ग्रीन बेहून: इथे सरावाला जाताना खेळाडू लहान मुलांच्या सायकली चालवत मैदानापर्यंत जातात आणि मुले त्यांचे हेल्मेट हातात धरून बाजूने धावतात. त्या उन्हाळ्यात एका राखीव रिसीव्हरने (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) माझ्या मुलीची सायकल घेतली होती. सीट इतके खाली की त्याचे गुडघे हँडलला लागत होते. माझ्या वहीतल्या अंदाजी यादीत मी त्याच्याच नावावर काट मारली होती आणि ते पान नेमके तिच्या हाती लागले. कपातीच्या मंगळवारी तो खरोखरच वगळला गेला. माझा अंदाज बरोबर ठरला होता, पण घरात ते बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

पुण्याहून: आपल्याकडे कपातीची मुदत रात्री दीड वाजता संपते, त्यामुळे मी जागाच होतो. माझा सगळा जीव किकरच्या, म्हणजे गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणाऱ्याच्या, जागेत अडकला होता, कारण जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अँडर्स कार्लसनची ४१ यार्डांची किक हुकली आणि तो सामना आपण तीनच गुणांनी गमावला. कार्लसन गेला, ग्रेग जोसेफ राहिला, म्हणून मी समाधानाने झोपलो; पण लगेच टेनेसीने सोडलेल्या ब्रेडन नार्व्हसनला घेऊन जोसेफलाही काढले. नार्व्हसनच्या १७ पैकी १२ च किक यशस्वी झाल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर ब्रँडन मॅकमॅनस आला आणि त्याने पहिल्याच सामन्यात शेवटच्या क्षणी ४५ यार्डांवरून ह्यूस्टनला हरवले. ऑगस्टभर आम्ही ज्या नावांवरून भांडलो, त्यांत त्याचे नाव कुणीच घेतले नव्हते.